लॅपटॉपला अँटिव्हायरस घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कितीचा?



आपल्या गटांमध्ये आता मोबाइलच्या जोडीला लॅपटॉपही दिसायला लागलेत. कुणी मुलीच्या कॉलेजसाठी अंतर्गत कर्ज काढून जुना लॅपटॉप घेतलाय, कुणी मसाल्याची बिलं करायला. ग्रामसंघाचा हिशेब तर बऱ्याच ठिकाणी लेखापाल ताई स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवरच करतात. खरेदी झाली, पैसे मोजून दिले, की दुकानदार हमखास विचारतो, "ताई, अँटिव्हायरस टाकून देऊ ना? नाहीतर महिनाभरात बंद पडेल बघा." पंधरा-अठरा हजारांचा व्यवहार झालेला असतो. त्यात अजून हजार-दीड हजार म्हणजे काय एवढं, असं वाटून आपण हो म्हणतो. तेच दीड हजार गटाच्या कर्जातले असतील, तर महिना २ टक्क्यांनी वर्षभर मुद्दल तसंच राहिल्यास त्यावर ३६० रुपये व्याज होतं. भाजी घेताना पाच रुपयांसाठी आपण घासाघीस करतो, आणि इथे मात्र एक प्रश्नही विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरच्या एका लॅपटॉपसाठी बहुतेक जणींना अँटिव्हायरस वेगळा विकत घ्यायची गरज नाही. लॅपटॉपमध्ये आहे तो चालू आहे की नाही, हे बघायची मात्र नक्की गरज आहे. काही जणींना विकतचा खरंच लागतो, त्या कोण ते पुढे येईलच.

आधी बघू, राखायचं काय आहे

लॅपटॉप बिघडला तर दुरुस्त होतो. आतल्या गोष्टींचं तसं नाही. लेखापाल ताईंच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते एकदा मोजून बघा. दहा-बारा गटांच्या बचतीचे आणि कर्जाचे तक्ते, कुणाचा हप्ता थकलाय त्याची नोंद, बँक लिंकेजच्या फाइलसाठी स्कॅन केलेलं प्रत्येकीचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फोटो, सह्यांचे नमुने. म्हणजे शंभर-सव्वाशे बायकांची कागदपत्रं एका घरातल्या एका लॅपटॉपवर, आणि त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी भाचा गेम खेळतो.

यात धोके मुख्यतः दोन. पहिला चोरीचा. गुपचूप आत शिरलेला प्रोग्रॅम आपले पासवर्ड आणि फाइली बाहेर पाठवतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दुसरा कुलपाचा. याला रॅन्समवेअर म्हणतात. हा सगळ्या फाइलींना कुलूप घालतो आणि पडद्यावर लिहितो, पैसे द्या तर उघडू. पैसे देऊनही फाइली मिळतील याची खात्री कुणी देत नाही.

हे मोठ्या शहरातल्या कंपन्यांचं दुखणं आहे, आपल्याकडे कोण येतंय, असं वाटत असेल तर दोन प्रसंग सांगते. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा रॅन्समवेअर पसरला आणि काही दिवसांतच सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांत घुसला. त्याने माणूस बघून संगणक निवडले नव्हते, जिथे भगदाड दिसलं तिथे तो शिरला. दुसरा प्रसंग आपल्या जवळचा. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकाची सेवा पुरवते. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला पैशांच्या व्यवहारांच्या जाळ्यातून काही काळ तोडलं, आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या खातेदारांचं यूपीआय अडलं. आपली खाती असतात तशाच बँका होत्या त्या.

फुकट मिळालेला राखणदार जागा आहे का?

अँटिव्हायरस काम काय करतो? पोलीस पाटलाकडे जशी ओळखीच्या चोरांची यादी असावी, तशी याच्याकडे खराब प्रोग्रॅमांची यादी असते. फाइल उघडताना ती यादीशी ताडून बघतो. शिवाय अनोळखी माणूस रात्री घराघराच्या कड्या चाचपत फिरायला लागला तर पाटील त्याला हटकतो, तसं एखादा प्रोग्रॅम भराभर फाइली बदलायला लागला की हा त्याला अडवतो. नवे चोर रोज येतात, म्हणून यादीही रोज नवी लागते. त्यालाच अपडेट म्हणतात.

आता महत्त्वाचं. विंडोज १० आणि विंडोज ११ मध्ये असा राखणदार आधीच बसवलेला असतो. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही, की टाकायला लागत नाही. "फुकट आहे म्हणजे कुचकामी असणार" असं मला बऱ्याच ताई म्हणतात. पूर्वी खरंच त्याचं नाव फारसं चांगलं नव्हतं. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था सगळ्या अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेते. संरक्षण, लॅपटॉपचा वेग आणि वापरायची सोय, प्रत्येकी ६ गुण. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने संरक्षणात ६ पैकी ६ गुण वारंवार मिळवलेत. विकतचे चांगले अँटिव्हायरसही तिथेच असतात. म्हणजे वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा आपल्या घरातच आहे, आणि आपण बाहेर शिकवणी शोधतोय.

फक्त तो जागा हवा. हे बघायला पाच मिनिटं लागतात, लॅपटॉप समोर घेऊन वाचा. खाली डावीकडे किंवा मध्ये चार चौकटींचं स्टार्टचं चिन्ह असतं, ते दाबून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा आणि उघडा. ढालीचं चित्र दिसेल. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' वर जा. हिरवी खूण म्हणजे ठीक. पिवळी किंवा लाल असेल तर खाली काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक वेळा तिथेच 'टर्न ऑन' चं बटण असतं. मग 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही दोन्ही बटणं चालू हवीत. पहिलं म्हणजे सतत पहारा. दुसरं म्हणजे हा पहारा एखाद्या व्हायरसलाच बंद करता येऊ नये याची सोय.

त्याच पानावर आणखी खाली 'एक्सक्लूजन्स' नावाची जागा आहे. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. राखणदाराने कुठे बघायचं नाही, त्याची ती यादी असते. घरच्या लॅपटॉपवर ती रिकामी असायला हवी. तिथे एखादं फोल्डर दिसलं, किंवा आख्खा सी ड्राइव्हच लिहिलेला दिसला, तर कुणीतरी मागच्या दाराची कडी काढून ठेवलीय असं समजा.

काही लॅपटॉपमध्ये डिफेंडरच्या जागी दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसेल. नवा लॅपटॉप घेतला की त्यात बऱ्याचदा महिन्याचा किंवा वर्षाचा नमुना अँटिव्हायरस टाकून येतो. तो आला की डिफेंडर बाजूला होतो, कारण दोन पहारेकरी एकाच दारात उभे केले तर एकमेकांनाच चोर समजून भांडतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. नमुन्याची मुदत संपली की खरी अडचण सुरू होते. तो काम थांबवतो, पण जागा सोडत नाही. कधी डिफेंडर आपोआप जागा होतो, कधी होत नाही. आपल्याला रोज "मुदत संपली, पैसे भरा" अशी पाटी दिसते, आपण ती फुली मारून बंद करतो, आणि दोन-दोन वर्षं लॅपटॉप उघडा राहतो. यावर उपाय बिनपैशाचा आहे. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' वर जाऊन मुदत संपलेला अँटिव्हायरस 'अनइन्स्टॉल' करा, लॅपटॉप बंद करून चालू करा आणि ढालीवर परत हिरवी खूण आली का ते बघा.

दुकानातून 'भरून' मिळालेलं विंडोज

आपल्याकडचे बरेच लॅपटॉप जुने असतात, आणि ते देताना दुकानात विंडोज आणि ऑफिस 'भरून' देतात. फार वेळा हे विनापरवाना असतं. ते चालू करायला एक 'ॲक्टिव्हेटर' नावाचा प्रोग्रॅम वापरतात. डिफेंडर त्याला चोर म्हणून पकडतो, म्हणून दुकानातला पोरगा आधी डिफेंडरच बंद करतो, नाहीतर मघाच्या एक्सक्लूजन्सच्या यादीत त्याला बसवतो. आणि मग तोच आपल्याला म्हणतो, "ताई, सेफ्टीसाठी अँटिव्हायरस घ्या." आहे की नाही गंमत! घरातला कुत्रा बांधून ठेवायचा आणि राखणीचे पैसे मागायचे.

सगळेच दुकानदार असे नसतात. पण तपासायला काही जात नाही. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग 'ॲक्टिव्हेशन' असं जा. विंडोज १० मध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' खाली आहे. तिथे 'डिजिटल लायसन्स' असे शब्द असले तर बहुधा ठीक. घरच्या लॅपटॉपवर "तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सेवेने ॲक्टिव्हेट केलं आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर विचारा, की बाबा, माझी कुठली ऑर्गनायझेशन?

अशा वेळी नवं विंडोज विकत घ्यावं लागेलच असं नाही. नामांकित कंपनीचा लॅपटॉप मुळात विंडोजसह विकला गेला असेल, तर बऱ्याच वेळा परवान्याची की त्याच्या मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती स्वच्छ टाकली की ती इंटरनेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानदाराला एवढंच सांगा, "लॅपटॉपबरोबर आलेली मूळ आवृत्ती टाका, ॲक्टिव्हेटर नको." अर्थात आपल्या फाइली आधी काढून ठेवूनच. आणि ऑफिसच्या जागी 'लिबरऑफिस' फुकट आणि कायदेशीर मिळतं. एक्सेलचे तक्ते त्यात उघडतात, मराठीही टाइप होतं. बटणांच्या जागा वेगळ्या आहेत, आठवडाभर चिडचिड होते, मग सवय होते.

विंडोजच्या वयाचंही बघायला हवं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला, आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर नोंदणी करणाऱ्यांना मर्यादित काळाची वाढीव मुदत दिली, पण ती कायमची नाही. निरोप दिला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही. भिंतीला नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला गवंडी येणार नाही, एवढंच. हे काम अँटिव्हायरसचं नाही. वॉनाक्रायच्या वेळी नेमकं हेच झालं. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. तेव्हा "डेटा संपतो" म्हणून विंडोजचे अपडेट बंद करून ठेवू नका. महिन्यातून एकदा, ग्रामपंचायतीचं वायफाय असेल तिथे बसून तरी ते होऊ द्या.

म्हणून जुना लॅपटॉप घेतानाच विचारायचं, "यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का?" इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दोन-तीन हजार वाचवायला सहाव्या पिढीचा घेतला आणि वर तीन वर्षांचा अँटिव्हायरस घेतला, तर पैसे चुकीच्या खिशात गेले.

'फ्री' लिहिलेले बाकीचे

डिफेंडर सोडून इतर कंपन्याही फुकट अँटिव्हायरस देतात. काही चांगले आहेत. पण ती कंपनी पगार कशातून देते, हा प्रश्न आपण गटात बसणाऱ्या बायकांनी तरी विचारावा. अवास्ट या मोठ्या कंपनीचं उदाहरण आहे. तिचे फुकट प्रोग्रॅम वापरणारे लोक इंटरनेटवर काय काय बघतात, ती माहिती तिच्याच एका उपकंपनीमार्फत विकली जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला यासाठी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. शिवाय फुकट आवृत्त्या बहुतेक घरगुती वापरासाठीच असतात. प्रभागसंघाच्या कार्यालयातला लॅपटॉप घरगुती होत नाही. डिफेंडर हाताशी असताना हा खटाटोप मला तरी पटत नाही.

मग विकत कुणी घ्यावा?

ज्यांच्या लॅपटॉपला रोज दहा ठिकाणचे पेनड्राइव्ह लागतात त्यांनी विचार करावा. झेरॉक्सचं दुकान चालवणारी ताई, सेवा केंद्र चालवणारी ताई. प्रभागसंघाच्या कार्यालयात चार-पाच लॅपटॉप आणि वेगवेगळे लोक वापरणारे असतील तर तिथेही, आणि तो घरगुती डबा नाही, कार्यालयासाठीचा. तिसरं म्हणजे, अडलं की फोन करून विचारायला कुणीतरी हवं असं ज्यांना वाटतं त्यांनी. ही गरज खोटी नाही. डिफेंडरबद्दल विचारायला तालुक्यात कुणी बसलेलं नाही.

भारतीय कंपन्यांचे अँटिव्हायरस आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतात. क्विक हील पुण्याची, ई-स्कॅन मुंबईची, के-सेव्हन चेन्नईची. क्विक हील उभी करणारे काटकर बंधू. त्यातले थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले होते, आणि धाकट्या संजय यांनी संगणक शिकून अँटिव्हायरस लिहिला. १९९० च्या दशकातली ही गोष्ट, आणि मला ती सांगायला आवडते. पण आपल्या माणसाची कंपनी म्हणून नव्हे, गरज असेल तर घ्या.

घ्यायचाच ठरला तर सर्वांत साधा घ्या. एकाच कंपनीचे तीन-चार डबे असतात: साधा, 'इंटरनेट सिक्युरिटी', 'टोटल सिक्युरिटी'. व्हायरस पकडणारं यंत्र सहसा सगळ्यांत एकच असतं. वरचे पैसे लॅपटॉप साफ करणं, मुलांवर लक्ष ठेवणं, पासवर्ड सांभाळणं अशा जोडकामांचे. डब्यावर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यात खूप फरक असतो, म्हणून दोन दुकानांत विचारा आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही बघा. लॅपटॉप जुना असेल तर तीन वर्षांचा घेऊ नका, कितीही स्वस्त वाटला तरी. आणि ऑनलाइन दीडशे-दोनशे रुपयांत 'फक्त की' मिळते, तिच्या नादी लागू नका. एकच की अनेकांना विकलेली असू शकते. कंपनीच्या लक्षात आलं की ती बंद होते आणि पैसे गेले.

सीलबंद डबा आणि जीएसटीचं बिल घ्या. की आपल्यासमोर टाकायला सांगा, आणि नोंदणीत मोबाइल व ई-मेल आपलाच द्या. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतात. मग मुदत संपल्याचा मेसेज त्यांना जातो आणि आपण अंधारात राहतो. ऑनलाइन घेतला असेल तर 'ऑटो रिन्यूअल' बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाची सवलत जाऊन पूर्ण रक्कम खात्यातून कापली जाते. ग्रामसंघाच्या पैशातून घेतला असेल तर ठराव घ्या आणि इतिवृत्तात मुदतीची तारीख लिहा. कर्जाची तारीख आपण विसरत नाही ना? तसंच.

लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर जड अँटिव्हायरसने तो आणखी मंदावेल. तेवढ्याच पैशांत थोडी भर घालून एसएसडी बसवून घेतली तर फरक त्याच दिवशी दिसतो.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं

दोन पेनड्राइव्ह घ्या. कुलूपवाल्या व्हायरसवर यापेक्षा चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. मासिक बैठकीनंतर हिशेबाचं फोल्डर एका महिन्यात एका पेनड्राइव्हवर, पुढच्या महिन्यात दुसऱ्यावर उतरवा. एक सचिव ताईंकडे, एक कोषाध्यक्ष ताईंकडे, कुलपात. उतरवून झालं की लगेच काढून ठेवायचा. लॅपटॉपला लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हलाही रॅन्समवेअर कुलूप घालतो. आणि हे पेनड्राइव्ह प्रिंट काढायला कधीही न्यायचे नाहीत, म्हणजे नाहीत.

प्रिंटसाठी तिसरा, जुना पेनड्राइव्ह वेगळा ठेवा. आपल्याकडे व्हायरस येण्याची नेहमीची वाट झेरॉक्सच्या दुकानातून येते. तिकडून आणलेला पेनड्राइव्ह लावला की फोल्डरांच्या जागी बाण असलेली चिन्हं दिसतात, फाइली गायब. त्या बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका आणि त्या बाणांवर क्लिकही करू नका. आधी पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज ११ मध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स' च्या आत असू शकतं. मग फोल्डर उघडून 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण करा. फाइली फिकट रंगात दिसल्या तर जीव भांड्यात पडतो.

घरच्या लॅपटॉपवर मुलांसाठी वेगळं खातं उघडा, 'स्टँडर्ड' प्रकारचं, आणि हिशेबाच्या खात्याला पासवर्ड घाला. स्टँडर्ड खात्यातून नवा प्रोग्रॅम टाकायचा तर बहुतेक वेळा मुख्य खात्याचा पासवर्ड मागितला जातो, म्हणजे भाच्याचा फुकट गेम आपल्याला विचारल्याशिवाय आत येणं अवघड होतं. याला एक रुपयाही लागत नाही. आणि बँकेची फाइल मंजूर झाली की बायकांच्या आधारचे स्कॅन पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही. चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' वापरा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

भीती दाखवणाऱ्या पाट्या

"तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा." अशी पाटी पूर्ण पडद्यावर येते, मोठा आवाज होतो, खाली मायक्रोसॉफ्टचं नाव. ही पाटीच फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्ट आपल्या सूचनांमध्ये कधीही फोन नंबर देत नाही. फोन केला तर समोरचा गोड बोलतो, एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो आणि आपला लॅपटॉप स्वतः चालवायला लागतो. पाटी बंद होत नसेल तर ऑल्ट आणि एफ-फोर एकत्र दाबा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

उजव्या कोपऱ्यात सारखं "अँटिव्हायरस संपला" असं येत असेल, आणि त्या कंपनीचा अँटिव्हायरस आपल्याकडे कधी नव्हताच, तर तो व्हायरस नसून बहुधा एखाद्या संकेतस्थळाला आपण चुकून 'अलाऊ' म्हटलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', आणि अनोळखी नावं काढून टाका. या एका कारणासाठी दुकानात पाचशे रुपये देऊन आलेल्या ताई मला भेटल्यात.

आणि एक लक्षात ठेवा. ओटीपी आपणच सांगितला, किंवा मोबाइलवर आलेली अनोळखी एपीके फाइल आपणच टाकली, तर लॅपटॉपचा सर्वांत महागडा अँटिव्हायरसही काही करू शकत नाही.

आणि आलाच व्हायरस तर

आधी इंटरनेट बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट काढा. त्या लॅपटॉपवर बँकेचं काहीही उघडू नका. विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. लॅपटॉप स्वतः बंद होऊन चालू होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी करतो. सुरू करण्याआधी उघड्या फाइली सेव्ह करा आणि चार्जर लावा. केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे, त्याच्या संकेतस्थळावर व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला.

खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन नंतर करा, आधी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. फोटो काढून ठेवा, काही पुसू नका, आणि ग्रामसंघाचे व्यवहार त्या लॅपटॉपवर होत असतील तर अध्यक्ष ताईंना त्याच दिवशी सांगा, पुढच्या बैठकीची वाट न बघता.